व्हेलॉसिटीमध्ये टूल क्लासमधून 'आपलं' इंजिन कसं मिळवायचं? पान बरोबर दिसतं, मेल मात्र बिघडतो

रानजाई

नमस्कार मंडळी. गेले चार दिवस एकाच ठिकाणी अडकलेय, ऑफिसात विचारायला जुनं जावा येणारं कोणी उरलेलं नाही म्हणून इथे मांडतेय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

एका पतसंस्थेचं वेब ॲप आमच्याकडे मेंटेनन्सला आलंय. व्हेलॉसिटी १.७ (टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, डेटा भरून पान बनवणारी जावाची लायब्ररी; हे काम करणारा तिचा भाग म्हणजे इंजिन), व्हेलॉसिटी टूल्स २.० (टेम्प्लेटमधून वापरायचे मदतनीस क्लास, म्हणजे टूल, पुरवणारी तिची जोड), टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालतं, स्क्रीन सगळ्या मराठीत. हप्ता भरला की पावतीचं पान उघडतं आणि काउंटरवरची मंडळी त्याचीच प्रिंट काढून देतात. आता त्यांना हवंय की तीच पावती सभासदाला मेलनेही जावी. मला वाटलं सोपंय, पावती डॉट व्हीएम ही टेम्प्लेट फाइल तर आहेच, तीच उचलायची, डेटा भरायचा, स्ट्रिंग काढायची आणि मेलला लावायची. म्हणून पावतीटूल नावाचा क्लास लिहिला, टूल्स डॉट एक्सएमएलमध्ये टाकला आणि आतून सरळ व्हेलॉसिटी डॉट गेटटेम्प्लेट बोलावलं.

पहिल्याच फटक्यात रिसोर्सनॉटफाउंडएक्सेप्शन. फाइल ॲपच्या वेब-इन्फ या आतल्या फोल्डरखाली टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये आहे हो, तिच्यावरूनच तर पान समोर दिसतंय आणि हा म्हणतो सापडत नाही. मग नेटवर शोधून व्हेलॉसिटी डॉट इनिटला प्रॉपर्टीज दिल्या, फाइल लोडरचा पाथ दिला. पण त्यांच्या सर्व्हरवर वॉर फाइल (अख्ख्या ॲपचं एक गाठोडं) उलगडत नाहीत त्यामुळे वेब-इन्फला डिस्कवरचा पाथच नाही, म्हणून पावतीची एक कॉपी बाहेर सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली. फाइल सापडली, मेल आला, आणि मेल बघून पोटात गोळाच आला.

'सभासदाचे नाव' या शब्दांच्या जागी वर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या पुढे ते चार टोकांचं गोल चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, परत तिरकी रेघवाला ए, परत ते गोल चिन्ह, असं ओळभर. आणि त्या सगळ्या कचऱ्याच्या शेजारी सभासदाचं खरं नाव अगदी स्वच्छ मराठीत! खाली रकमेच्या जागी #रक्कम हा मॅक्रो (टेम्प्लेटमध्ये नावाने वापरायचा तयार तुकडा) आणि कंसात व्हेरिएबलचं नाव, जसंच्या तसं छापलेलं. तारखेच्या जागी $डेट पासून पुढची अख्खी ओळ जशीच्या तशी.

तेच टेम्प्लेट, तोच सर्व्हर, तोच डेटा. म्हणजे ब्राउझरला पान देणारं व्हेलॉसिटी वेगळं आणि मी बोलावते ते वेगळं असं काहीतरी आहे एवढं कळतंय, पण ते 'बरोबरचं' माझ्या क्लासमधून हातात घ्यायचं कसं?

अनिकेत_सातारा

स्टॅटिक (थेट व्हेलॉसिटी डॉट अमुक) वापरू नका हो. न्यू व्हेलॉसिटीइंजिन करा, इनपुट एन्कोडिंग (फाइलमधली अक्षरं कशी वाचायची ते) यूटीएफ-८ द्या, मॅक्रो लायब्ररीचा पाथ द्या, इनिट करा, झालं. आमच्या प्रोजेक्टमध्ये दर मेलला असंच नवीन इंजिन बनतं, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.

जुना_टॉमकॅट

रानजाई, तुमचा अंदाज बरोबर आहे. तुमच्या ॲपमध्ये आत्ता दोन व्हेलॉसिटी चालू आहेत आणि अनिकेतने सांगितलेलं केलंत तर तीन होतील. जरा मुळापासून सांगतो कारण हा प्रश्न मी निदान पंधरा वेळा तरी वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलाय आणि दर वेळी लोक लक्षणांवर औषध घेतात, एन्कोडिंग बदल, पाथ बदल, फाइल कॉपी कर, आणि मूळ तिथेच राहतं.

व्हेलॉसिटी नावाचा जो स्टॅटिक क्लास आहे तो सिंगलटन, म्हणजे त्या क्लासलोडरमध्ये (जावाचे क्लास मेमरीत आणणारा भाग) तो एकच. सुरुवातीला एवढाच होता. १.२ पासून व्हेलॉसिटीइंजिन हा दुसरा रस्ता आला, यात तुम्ही न्यू कराल तितकी स्वतंत्र इंजिनं, प्रत्येकाचा स्वतःचा संसार. टूल्समधलं व्हेलॉसिटीव्ह्यूसर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला पान देणारा क्लास) सिंगलटनला हातही लावत नाही, ते स्वतःचं व्हेलॉसिटीइंजिन बनवतं, वेब-इन्फमधली व्हेलॉसिटी डॉट प्रॉपर्टीज वाचून तेच सुरू करतं आणि ब्राउझरला जाणारं प्रत्येक पान त्याच्यातूनच निघतं. तुम्ही व्हेलॉसिटी डॉट अमुक लिहिलंत की त्या इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. सिंगलटन शेजारच्या खोलीत कोरा करकरीत उठून बसतो, जारमधल्या (लायब्ररीच्या फाइलमधल्या) डिफॉल्ट प्रॉपर्टीज घेऊन.

आता तुमची लक्षणं एकेक बघा. फाइल सापडली नाही, कारण डिफॉल्टला फाइल लोडर असतो आणि तो टॉमकॅट जिथून सुरू केला त्या चालू डिरेक्टरीत शोधतो. सर्व्हलेटच्या इंजिनाला वेबॲपरिसोर्सलोडर दिलेला असतो, तो सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमधून (चालू ॲपचा सामाईक ऑब्जेक्ट) फाइल मागतो म्हणून वॉर उलगडलेली नसली तरी त्याचं अडत नाही. मॅक्रो तसाच छापला गेला कारण मॅक्रो लायब्ररी ज्या त्या इंजिनाची असते, आणि ओळखीचा नसलेला मॅक्रो व्हेलॉसिटी साधा मजकूर समजून सोडून देतं, एररही देत नाही.

आणि अक्षरं. तुम्ही एक फार मोलाची गोष्ट नोंदवलीत, की सभासदाचं नाव नीट आलं आणि टेम्प्लेटमधला मजकूरच फुटला. नाव डेटाबेसमधून जावाची स्ट्रिंग म्हणून आलं, ते कोणी परत डीकोड केलं नाही. टेम्प्लेट मात्र फाइलमधून वाचलं गेलं, आणि व्हेलॉसिटी १.७ चं डिफॉल्ट इनपुट एन्कोडिंग आहे आयएसओ-८८५९-१. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, त्यातला पहिला बाइट कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणून तुम्हाला तो तिरक्या रेघेचा ए पुन्हा पुन्हा दिसला आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा ते गोल चिन्ह. इंग्रजी ॲप असतं तर अक्षरांचा हा दोष महिनोन्महिने कळला नसता, मराठी होतं म्हणून पहिल्याच मेलला उघडं पडलं.

मृण्मयी_के

वा, नाव नीट आणि लेबल बिघडलेलं याचं कारण आज कळलं. आमच्याकडे एका रिपोर्टमध्ये नेमकं असंच व्हायचं आणि आम्ही डेटाबेसचं एन्कोडिंग तपासत बसलो होतो आठवडाभर.

अनिकेत_सातारा

काका, पण मी म्हणतो ते नवीन इंजिन सगळ्या प्रॉपर्टीज देऊन बनवलं तर काय बिघडलं? चालतंय की.

जुना_टॉमकॅट

चालतं, नाही म्हणत नाही. पण दर मेलला बनवता हे नको. इंजिन सुरू होताना मॅक्रो लायब्ररी पार्स होते, पार्सरचा पूल भरला जातो, डिफॉल्ट २० पार्सर असतात त्यात, आणि टेम्प्लेट कॅश रिकामी. मेल गेला की हे सगळं फेकून द्यायचं आणि पुढच्या मेलला परत. तुमच्याकडे दिवसाला वीस मेल जात असतील तर जाणवणार नाही, महिनाअखेरीला पाच हजार एकदम गेले की बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेटिंग दोन ठिकाणी राहतात. उद्या कोणी प्रॉपर्टीज फाइलमध्ये सिक्युअरउबरस्पेक्टर लावला, जो टेम्प्लेटमधून क्लास, क्लासलोडर असल्या गोष्टींपर्यंत पोचू देत नाही, तर तो लागेल फक्त सर्व्हलेटच्या इंजिनाला. तुमच्या मेलच्या इंजिनाचं दार उघडंच. टेम्प्लेट जर ग्राहकाला बदलता येत असेल, आणि मेलची टेम्प्लेट बहुतेक ठिकाणी ॲडमिन स्क्रीनवरून बदलता येतातच, तर हे फार गंभीर आहे. इंजिन म्हणजे नुसतं मजकूर जोडणारं यंत्र नव्हे, त्याच्यासोबत लोडर, एन्कोडिंग, मॅक्रो, कॅश आणि सुरक्षा हे सगळं येतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की ज्याने ते बनवलं त्याच्याकडूनच मागून घ्या, स्वतः बनवू नका आणि स्टॅटिककडे जाऊ नका.

रानजाई

टॉमकॅटकाका, इतकं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं वाचून आधी स्वतः खात्री करून घेतली. टूलमध्ये दोन ओळी टाकल्या, व्हेलॉसिटी डॉट गेटप्रॉपर्टी करून इनपुट एन्कोडिंग विचारलं, लॉगमध्ये आलं आयएसओ-८८५९-१. रिसोर्सएक्झिस्ट्सला मूळ वेब-इन्फमधलं नाव दिलं, उत्तर फॉल्स. आणि आपल्या वेब-इन्फमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये स्वच्छ लिहिलंय यूटीएफ-८. म्हणजे ती फाइल त्याने वाचलेलीच नाही.

मागून घ्यायचं म्हणजे कोणाकडून? माझ्या टूलला सर्व्हलेट दिसतच नाही.

जुना_टॉमकॅट

हे टूल्स २.० मध्ये फार सोपं करून ठेवलंय, फक्त कोणी वाचत नाही. टूल बनताना त्याला काही गोष्टी नावाने दिल्या जातात. रिक्वेस्ट, सेशन, सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट, लोकेल (भाषा-प्रांत), आणि त्यातच व्हेलॉसिटीइंजिन व व्हेलॉसिटीकॉन्टेक्स्ट (टेम्प्लेटला मिळणाऱ्या डेटाचा आणि टूलचा संच). तुमच्या क्लासमध्ये त्या नावाचा पब्लिक सेटर (बाहेरून दिलेली गोष्ट आत ठेवणारी मेथड) असेल, म्हणजे सेटव्हेलॉसिटीइंजिन, एकच पॅरामीटर व्हेलॉसिटीइंजिन टाइपचा, तर टूलबॉक्स (टूल बनवणारा भाग) आपण होऊन तो बोलावतो आणि चालू इंजिन हातात देतो. सेटर नको असतील तर कॉन्फिगर नावाची मेथड लिहा, तिला मॅप मिळतो, त्यात 'व्हेलॉसिटीइंजिन' या कीखाली तेच इंजिन असतं. टूलचा स्कोप (ते किती काळ जगतं) रिक्वेस्ट ठेवा, कारण कॉन्टेक्स्ट हा त्या त्या रिक्वेस्टचा असतो, ॲप्लिकेशन स्कोपच्या टूलमध्ये तो साठवून ठेवलात तर एका सभासदाची पावती दुसऱ्याच्या थ्रेडमध्ये जाईल.

टूल्सबरोबर येणारं रेंडरटूल उघडून बघा, सोर्स छोटा आहे. त्याच्यात हाच सेटर आहे. इंजिन दिलेलं असेल तर त्याच्यावर इव्हॅल्युएट करतं, नसेल तर मुकाट्याने स्टॅटिक व्हेलॉसिटीवर जातं. म्हणजे रेंडरटूल कोणी हाताने न्यू करून वापरलं तर परत हाच आजार.

टूल्स १.x असेल कोणाकडे तर तिथे व्ह्यूटूलची इनिट मेथड असते, तिला जो ऑब्जेक्ट मिळतो तो व्ह्यूकॉन्टेक्स्ट, त्याच्यावर गेटव्हेलॉसिटीइंजिन.

आणि हो, तारखेचं राहिलं. $डेट तसंच छापलं गेलं तो दोष इंजिनाचा नाही, कॉन्टेक्स्टचा आहे. इंजिन वेगळं, कॉन्टेक्स्ट वेगळा, लोक हे दोन कायम एकत्र करतात. तुम्ही कोरा व्हेलॉसिटीकॉन्टेक्स्ट न्यू केला असणार, त्यात डेट नावाचं काही नाही, तर इंजिन बरोबर असूनही ती ओळ तशीच छापली जाणार. मिळालेला कॉन्टेक्स्ट आत घालून नवा बनवा, व्हेलॉसिटीकॉन्टेक्स्टचा तसा कन्स्ट्रक्टर आहे. मग आतले टूल दिसतात आणि तुम्ही पावतीसाठी भरलेली व्हेरिएबल पानाच्या कॉन्टेक्स्टमध्ये सांडत नाहीत.

रानजाई

झालं!!!

सेटर टाकला, इनिट काढून टाकलं, कॉन्टेक्स्ट गुंडाळून दिला. सर्व्हर सुरू केला, एक खोटा हप्ता भरला आणि मेल उघडला तर वरपासून खालपर्यंत मराठी. 'सभासदाचे नाव', 'कर्ज खाते क्रमांक', 'मुद्दल', 'व्याज', सगळं जागच्या जागी. आणि रक्कम १,२५,४०० अशी, लाखाच्या जागी स्वल्पविराम असलेली. तो #रक्कम मॅक्रो नेमका त्याच्यासाठीच होता हे मला आज उघडून बघितल्यावर कळलं.

मृण्मयी_के

त्या मॅक्रोला जपा. जावाच्या आकडे मांडणाऱ्या डेसिमलफॉरमॅटला गटाचा आकार एकच कळतो, तीन म्हणजे सगळीकडे तीन, आपलं आधी तीन मग दोन-दोन त्याला येत नाही. पॅटर्नमध्ये कितीही स्वल्पविराम दिले तरी शेवटचाच गट धरतो. आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी घेतली तर येतं, पण जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी शहाण्याने असा मॅक्रो लिहून ठेवलेला असतो आणि त्याच्यावर सगळ्या पावत्या उभ्या असतात. चुकीच्या इंजिनातून गेलं की पहिला तोच गळतो.

पोफळी

वाचून राहवलं नाही. आमच्याकडे स्प्रिंग ४ या जावा फ्रेमवर्कवर जुनं ॲप आहे आणि तिथे हाच गोंधळ वेगळ्या कपड्यात आहे. व्हेलॉसिटीकॉन्फिगरर बीन (स्प्रिंग बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) वेबसाठी होता, मेल सर्व्हिसमध्ये कोणीतरी ऑटोवायर्ड (स्प्रिंगने आपोआप आणून द्यावं अशी खूण) करून व्हेलॉसिटीइंजिन मागितलं, स्प्रिंग म्हणालं असा बीन नाही (कॉन्फिगरर इंजिन पोटात ठेवतो, त्या टाइपचा बीन म्हणून बाहेर मांडत नाही), मग त्याने व्हेलॉसिटीइंजिनफॅक्टरीबीन टाकला, एरर गेली, सगळे खूश. पण आता दोन इंजिनं, एकाचा लोडर पाथ वेब-इन्फ, दुसऱ्याचा क्लासपाथ. वेबचा मॅक्रो बदलला की मेलमध्ये बदलत नाही, आणि का बदलत नाही हे शोधायला नवीन आलेल्या मुलाचा अख्खा दिवस जातो.

जुना_टॉमकॅट

पोफळी, तुमच्याकडे फॅक्टरीबीन आहेच तर एकच करा. कॉन्फिगररला सेटव्हेलॉसिटीइंजिन आहे, तो नेमका वेब आणि मेलला सामाईक इंजिन देण्यासाठीच ठेवलाय. फॅक्टरीबीनने बनलेलं इंजिन कॉन्फिगररला रेफ म्हणून द्या, सगळ्या सेटिंग फॅक्टरीबीनवर आणा. किंवा उलटं, मेल सर्व्हिसमध्ये कॉन्फिगरर घ्या आणि त्याच्याकडून गेटव्हेलॉसिटीइंजिन. पहिलं जास्त स्वच्छ. पुढचा विचार मात्र करून ठेवा, स्प्रिंग ४.३ मध्ये व्हेलॉसिटीचा सपोर्ट डेप्रिकेट झाला आणि ५.० मध्ये काढूनच टाकला.

केदार_ठाणे

सगळं ठीक आहे, पण इतक्या जुन्या गोष्टीवर वेळ का घालवायचा? स्प्रिंग बूट आणि थायमलीफ या नव्या टेम्प्लेट लायब्ररीवर या, तिथे इंजिन आपोआप मिळतं, हा प्रश्नच येत नाही.

निळी_शाई

केदार, येतो हो प्रश्न, मी परवाच त्यातून बाहेर आलेय. बूट ३ आणि थायमलीफ. मेलची टेम्प्लेट वेगळ्या फोल्डरमध्ये म्हणून मी कॉन्फिग क्लासमध्ये एक बीन लिहिला, स्प्रिंगटेम्प्लेटइंजिन न्यू केला, त्याला मेलचा रिझॉल्व्हर (टेम्प्लेट शोधून देणारा भाग) लावला. मेल सुंदर गेले. आणि वेबसाइटचं एकही पान उघडेना, सगळीकडे टेम्प्लेट सापडत नाही.

कारण असं की बूट स्वतःचं इंजिन तेव्हाच बनवतं जेव्हा तुम्ही बनवलेलं नसतं. माझा मेलचा बीन दिसल्यावर त्याने हात आखडता घेतला आणि व्ह्यूरिझॉल्व्हरला माझंच मेलचं इंजिन जोडून दिलं. आता वेबची पानं मेलच्या फोल्डरमध्ये शोधली जात होती. माझ्या इंजिनात लेआउट डायलेक्ट (थायमलीफला जादा खुणा शिकवणारी जोड) नाही, सिक्युरिटीचं डायलेक्ट नाही, म्हणजे फोल्डर सारखा असता तर पानं उघडली असती पण लॉगिन न केलेल्यालाही सगळी बटणं दिसली असती. त्या विचाराने मला जास्त भीती वाटली, कारण एरर आली नसती तर कळलंही नसतं.

शेवटी दुसरं इंजिन काढलं. फक्त एक जादा टेम्प्लेटरिझॉल्व्हरचा बीन ठेवला, त्याला क्रम दिला आणि चेकएक्झिस्टन्स ट्रू केलं, म्हणजे फाइल नसली तर तो पुढच्या रिझॉल्व्हरकडे सोडतो. बूटचं इंजिन सगळे रिझॉल्व्हर गोळा करून घेतं. मेल सर्व्हिसमध्ये तेच इंजिन इंजेक्ट केलं. एकच इंजिन, दोन फोल्डर.

केदार_ठाणे

हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही मेलसाठी वेगळा बीन आहे, उद्या जाऊन आधी तोच बघतो. धन्यवाद.

सुपारीबाग

फ्रीमार्कर या आणखी एका टेम्प्लेट लायब्ररीवाल्यांसाठी पण लिहून ठेवतो. तिथे इंजिनाच्या जागी कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट असतो आणि तो ॲपभर एकच ठेवायचा, कॅश त्याच्यातच असते. दर रिक्वेस्टला न्यू कॉन्फिगरेशन करणारा कोड मी तीन प्रोजेक्टमध्ये बघितलाय. डायरेक्टिव्ह किंवा मेथडच्या आतून चालू असलेला हवा असेल तर एन्व्हायर्नमेंट डॉट गेटकरंटएन्व्हायर्नमेंट आणि त्याच्यावर गेटकॉन्फिगरेशन. जुनी स्टॅटिक गेटडिफॉल्टकॉन्फिगरेशन कधीच डेप्रिकेट झालीये, दिसली तर काढा.

रानजाई

परत आले. पावतीचं मार्गी लागलं पण आता त्यांना हप्ता थकला की आठवणीचा मेल हवाय, रात्री दोनला शेड्युलरमधून जाणारा. तिथे रिक्वेस्टच नाही, टूलबॉक्स नाही, सेटर कोण बोलावणार? परत न्यू व्हेलॉसिटीइंजिनवर यायचं का? मन घेत नाहीये.

जुना_टॉमकॅट

नाही यायचं. सर्व्हलेट सुरू होताना व्हेलॉसिटीव्ह्यू नावाचा ऑब्जेक्ट बनतो, खरं इंजिन त्याच्या पोटात असतं, आणि तो सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये स्वतःच्याच क्लासच्या पूर्ण नावाखाली अट्रिब्यूट म्हणून ठेवलेला असतो. तुमचा शेड्युलर ज्या सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरमधून (ॲप उठताना चालणारा क्लास) सुरू होतो त्याच्याकडे सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट आहेच. तो जॉबला द्या, जॉब चालताना अट्रिब्यूट काढा, गेटव्हेलॉसिटीइंजिन. जॉब बनवताना नाही, चालताना. लिसनर सर्व्हलेटच्या आधी चालतो, तेव्हा ते अट्रिब्यूट अजून जन्मालाच आलेलं नसतं.

आणि वेब डॉट एक्सएमएलमध्ये त्या सर्व्हलेटला लोड-ऑन-स्टार्टअप आहे ना बघा. नसेल तर पहिली रिक्वेस्ट येईपर्यंत सर्व्हलेट उठत नाही. रात्री एकला सर्व्हर रीस्टार्ट झाला, कोणी पान उघडलं नाही, दोनला जॉब आला, नल (काहीच नाही) मिळाला, आणि सकाळी कोणालाच मेल नाहीत. हे मी एका गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष पाहिलंय, आणि सापडत नव्हतं कारण दिवसा कधीच होत नव्हतं.

अजून एक तपासा, सर्व्हलेटच्या इनिट-पॅराममध्ये शेअर्ड डॉट कॉन्फिग फॉल्स केलेलं नाही ना. ते फॉल्स असेल तर व्ह्यू त्या सर्व्हलेटपुरता खासगी राहतो, अट्रिब्यूटमध्ये ठेवलाच जात नाही.

कॉन्टेक्स्टमध्ये डेटटूल आणि नंबरटूल हाताने घाला, त्यांना रिक्वेस्ट लागत नाही. पण लोकेल सांगा. पानावर लोकेल ब्राउझरच्या रिक्वेस्टमधून येतं, जॉबमध्ये सर्व्हरच्या जेव्हीएमचं डिफॉल्ट लागेल, मग महिन्याचं नाव इंग्रजीत येईल. लिंकटूल वगैरे रिक्वेस्टवर चालणारी घालू नका, मेलमधल्या लिंकचा पूर्ण पत्ता कॉन्फिगमधून घ्या.

पोफळी

काका, सिंगलटन इतका तापदायक आहे तर ठेवलाच कशाला मुळात? साधा कुतूहल म्हणून प्रश्न.

जुना_टॉमकॅट

छोट्या कमांडलाइन प्रोग्रामला तो सोयीचा आहे, एकच इंजिन, कुठूनही बोलवा. वेब ॲपमध्येही जार वेब-इन्फच्या लिबमध्ये असेल तर प्रत्येक ॲपचा क्लासलोडर वेगळा म्हणून सिंगलटनही ज्याचा त्याचा. घोळ होतो तो जार टॉमकॅटच्या सामाईक लिबमध्ये टाकली की. एका ठिकाणी डिस्कची जागा वाचवायला सगळ्या जार वर उचलून ठेवल्या होत्या. दोन ॲपं, दोन्ही स्टॅटिक वापरणारी. इनिट एकदाच लागू होतं, दुसऱ्यांदा बोलावलं तर काहीही न बोलता परत येतं, त्यामुळे जे ॲप आधी उठेल त्याच्या सेटिंगवर दोन्ही चालणार. दोन्हीकडे 'हेडर' नावाचा मॅक्रो. सोमवारी एकाच्या पानावर दुसऱ्याचं शीर्षक, मंगळवारी रीस्टार्ट झाल्यावर उलटं. तिथल्या मुलांनी ब्राउझरची कॅश साफ करून करून जीव टाकला होता. मी गेलो तेव्हा टॉमकॅट जिथून सुरू करायचे त्या डिरेक्टरीत एक व्हेलॉसिटी डॉट लॉग पडलेली दिसली आणि तिथूनच धागा लागला, कारण सर्व्हलेटचं इंजिन आपलं लॉग सर्व्हलेटच्या लॉगकडे पाठवत होतं, मग ही फाइल कोणाची?

रानजाई, तुमच्याकडेही ती फाइल आहे का पाहून घ्या. व्हेलॉसिटी इंजिन २.० पासून लॉग एसएलएफफोरजे या लॉगच्या लायब्ररीकडे जातं त्यामुळे हा माग नव्या व्हर्जनला मिळणार नाही.

मृण्मयी_के

व्हर्जनचा विषय निघालाच आहे तर सांगते, इंजिन २.० मध्ये डिफॉल्ट एन्कोडिंगही यूटीएफ-८ झालं. म्हणजे अपग्रेड केलं की मराठी फुटायचं थांबेल आणि लोकांना वाटेल प्रश्न सुटला, इंजिन मात्र चुकीचंच राहील. अपग्रेड करायचंच तर निदान इंजिन २.३ आणि टूल्स ३.१ वर जा, टेम्प्लेट बदलू शकणाऱ्याला सर्व्हरवर हवा तो जावा कोड चालवता येत होता ते भोक २०२१ मध्ये इंजिनच्या २.३ व्हर्जनला बुजवलंय. पण त्याच्या आधी स्टॅटिक कॉल काढा, नाहीतर नव्या घरात जुनीच ढेकणं.

रानजाई

तीन दिवसांनी लिहितेय, सगळं करून झालं म्हणून.

लोड-ऑन-स्टार्टअप नव्हतं. टाकलं. शेड्युलर आता अट्रिब्यूटमधून इंजिन घेतो, नल आला तर मेल न पाठवता लॉगमध्ये एरर लिहून थांबतो आणि दहा मिनिटांनी परत बघतो. खात्रीसाठी टूलमध्ये आणि जॉबमध्ये दोन्हीकडे इंजिनाचा आयडेंटिटी हॅशकोड (त्या ऑब्जेक्टची ओळख सांगणारा आकडा) छापला, दोन्ही आकडे तंतोतंत एक. तो आकडा दोनदा एकसारखा बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

व्हेलॉसिटी डॉट लॉग होती, टॉमकॅटच्या बिनमध्ये, मी येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. म्हणून अख्ख्या प्रोजेक्टमध्ये स्टॅटिक व्हेलॉसिटी शोधलं, माझ्याशिवाय अजून सात ठिकाणी निघालं. सहा ठिकाणी इंजिन पॅरामीटर म्हणून आत पाठवलं. सातवं एका जुन्या एसएमएसच्या क्लासमध्ये, तिथे टेम्प्लेट फाइल नव्हतीच, एका ओळीच्या मजकुरासाठी इव्हॅल्युएट बोलावलं होतं, तेही बदललं.

मग शेवटी सर्व्हरवर बाहेर ठेवलेली ती पावतीची कॉपी काढायला गेले. काढण्याआधी सहज त्या फोल्डरमध्ये बघितलं तर तिथे माझ्या फाइलशेजारी अजून दोन टेम्प्लेट होती, माझ्या आधीच्या कोणीतरी ठेवलेली, थकबाकीच्या नोटिसची. वेब-इन्फमधल्या मूळ फाइलशी पडताळून पाहिली. मूळ फाइलमध्ये शाखेचा पत्ता नवा आहे, या कॉप्यांमध्ये जुना, आणि दंडव्याजाचा दरही जुनाच. छापून जाणारी नोटीस त्या कॉपीवरून निघत होती. संस्थेच्या मॅनेजरना आज दुपारी फोन करून सांगितलं, त्यांनी गेल्या वर्षभरातल्या नोटिसांची यादी मागितली आहे. ती काढायला बसलेय आता.